वाचकांचे प्रश्न : डायबेटिस आणि चार वाजताची भूक

मागच्या अंकात डायबेटिसवाल्यांच्या जेवणाबद्दल लिहिलं, आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त जेवणाबद्दल नव्हतीच. ती होती मधल्या वेळच्या खाण्याबद्दल, म्हणजे सकाळी अकराला ऑफिसात, दुपारी चारला चहाबरोबर आणि रात्री सिरियल बघता बघता जे तोंडात टाकलं जातं त्याबद्दल. नवल नाही, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीत डायबेटिस असलेले १० कोटींच्या वर आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटींच्या वर निघाले, म्हणजे डबा उघडताना दचकणारं कुणी ना कुणी जवळजवळ प्रत्येक घरात आहेच. बहुतेकांनी विचारलंय, अमुक चालतं का? मी मात्र प्रत्येकाला उलट तेच विचारणार आहे, गोळी कुठली चालू आहे, खाता किती, आणि कशाबरोबर. हे कळल्याशिवाय हो किंवा नाही सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, सांगली, वय ६४. डायबेटिस सात वर्षं, मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा, बाकी काही नाही. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ७.४ आहे. दुपारी चहाबरोबर चार मारी बिस्किटं खातो, कारण मधल्या वेळी काही खाल्लं नाही तर साखर एकदम उतरेल अशी भीती वाटते. मुलगा आता शुगर फ्री डायजेस्टिव्ह बिस्किटं आणून देतो, चांगली महाग आहेत. ती खाल्लेली बरी ना?

उत्तर : सर, आधी भीतीचं बघू. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर एक चहा बिस्किटाशिवाय घेतला म्हणून धोक्याइतकी खाली जात नाही, ही गोळी त्या जातीची नाहीच. साखर पाडणाऱ्या गोळ्या वेगळ्या, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड वगैरे, आणि अर्थात इन्सुलिन. तुमच्याकडे त्यातलं काही नाही, त्यामुळे चार वाजता खाणं हे तुमच्यासाठी औषध नाही, भूक लागली तर खा, नसेल लागली तर नुसता चहा घ्या, काही बिघडत नाही. तरीही हात थरथरणं, घाम येणं असं कधी झालं तर अंदाजावर जाऊ नका, त्याच क्षणी साखर मोजायच्या मशीनवर आकडा बघा.

आता बिस्किटं. पुडा पालथा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा, चष्मा लावून. घटक पदार्थांची यादी जास्त वजनाच्या पदार्थापासून कमी वजनाच्या पदार्थाकडे अशी लिहायची असा नियम आहे, म्हणजे पहिलं नाव मैद्याचं असेल तर त्यात सगळ्यात जास्त मैदाच आहे, पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांचं कितीही सुंदर चित्र असलं तरी. मग खालचा तक्ता बघा, १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं किती. साध्या मारीत हा आकडा पाऊणशेच्या आसपास असतो. आता शुगर फ्रीवाल्या पुड्यावर तोच आकडा शोधा, तुमच्या लक्षात येईल की तोही साठ-सत्तरच्या घरातच कुठेतरी आहे. साखर काढली तरी मैदा जागेवरच आहे ना! आणि गोडीसाठी माल्टिटॉलसारखं काहीतरी घातलेलं असतं, ते साखरेपेक्षा कमी पण रक्तातली साखर थोडी वाढवतंच, आणि जास्त झालं तर पोट बिघडवतं. वर ‘शुगर फ्री आहे’ म्हणून चारच्या जागी आठ जातात ते वेगळंच. तुमच्या चार मारी बिस्किटांत साधारण १७-१८ ग्रॅम कर्बोदकं आहेत, एका मध्यम पोळीपेक्षा फार कमी नाही, आणि पोट मात्र भरलं का? नाही.

त्यापेक्षा मूठभर फुटाणे, सालासकट. किंवा थोडे भाजलेले शेंगदाणे. तीस ग्रॅम शेंगदाण्यात सात-साडेसात ग्रॅम प्रोटीन असतं, साखर हळू वाढते, पण उष्मांक पावणेदोनशेच्या आसपास आहेत हे विसरायचं नाही, म्हणून मूठच, वाटी नाही. मुलाला सांगा, तेवढ्या पैशात महिन्याचे फुटाणे येतील. आणि चहात साखर किती घालता ते तुम्ही लिहिलंच नाही! दोन चमचे आणि दिवसाला चार चहा असतील तर बिस्किटांचा विचार नंतर करू, आधी तो चमचा.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या आहेत, आम्ही पंढरपूरजवळ राहतो. एकादशी, सोमवार, चतुर्थी सगळे उपवास कडक करतात. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात. उपवासाला सकाळी काही नाही, मग बाराला साबुदाण्याची खिचडी भरपूर, संध्याकाळी भगर. उपवास सोडा म्हटलं की वाद होतो. काय करू?

उत्तर : वाद घालू नका, उपवास त्यांचा आहे, आपण फक्त त्याची मांडणी बदलू. आणि खरा धोका खिचडीत नाही, तो सकाळी आहे, तो आधी मिटवा. ग्लिमेपिराइड पोटात गेली की शरीर इन्सुलिन सोडायला लागतं, समोर अन्न असो की नसो. गोळी आठला आणि पहिला घास बाराला म्हणजे मधले चार तास साखर खाली खाली जाऊ शकते आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते लवकर कळतही नाही, घरचे म्हणतात आज आई चिडचिड करतायत, झोपून आहेत, उपवासामुळे असेल. त्यामुळे पुढच्या एकादशीच्या आधी डॉक्टरांना भेटून एकच स्पष्ट प्रश्न विचारा, उपवासाच्या दिवशी ही गोळी किती घ्यायची आणि केव्हा. डोस तुम्ही आम्ही ठरवायचा नाही. (कुणाला डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर त्यांनीही कडक उपवासाआधी विचारायलाच हवं, पाणी कमी पडून आणि शरीरात आम्ल साचून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते, तेही साखरेचा आकडा फार वाढलेला नसताना.)

आता साबुदाणा. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर पिष्ट असतं, प्रोटीन जवळपास शून्य. भरलेल्या एका ताटलीत भिजवण्याआधीचा पन्नास-साठ ग्रॅम साबुदाणा जातोच, त्यात बटाटा, मग चार तास उपाशी पोटावर ते सगळं एकदम. साखर अडीचशेला गेली तर साबुदाण्याला काय दोष द्यायचा. पण सासूबाईंना खिचडी आवडते तर पूर्ण बंद करायची गरज नाही, असं करा, साबुदाणा निम्मा, दाण्याचं कूट दुप्पट, बटाट्याऐवजी काकडी किसून वर किंवा लाल भोपळा चालत असेल तर तो, आणि खिचडीच्या आधी वाटीभर दही, साखर न घातलेलं. आधी दही आणि काकडी, मग खिचडी, हा क्रम महत्त्वाचा आहे, पिष्ट पोटात शेवटी गेलं की साखर तेवढी उसळत नाही.

सकाळी नऊ-साडेनऊला काहीतरी पोटात जाऊ दे, मूठभर दाणे आणि अर्धा कप दूध, किंवा ताक आणि राजगिऱ्याच्या पिठाचं एक छोटं थालीपीठ. राजगिऱ्याचा लाडू मात्र नको, तो लाह्या आणि गूळ आहे, हलका लागतो म्हणून तीन-तीन खाल्ले जातात. भगर साबुदाण्यापेक्षा बरी, तिच्यात थोडं प्रोटीन आणि फायबर आहे, पण तीही धान्यच आहे, एक वाटी आणि वर दाण्याची आमटी, उलटं नाही. रताळं उकडून अर्धं. बटाट्याचे वेफर्स, तळलेल्या पापड्या वगैरे उपवासाच्या दुकानी पुड्यांबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्हाला माहितीये.

प्रश्न : गूळ नैसर्गिक असतो, म्हणून डायबेटिसला चालतो ना? मधाचं पण सांगा. — वाचक, बार्शी

उत्तर : नाही. गुळातही मुख्यतः तीच साखर, थोडं लोह आणि खनिजं जास्त, पण तेवढ्या लोहासाठी गूळ खायचा तर किलोने खावा लागेल. मध तसाच. चहात साखरेऐवजी गूळ घालून दोन चमचे जास्त घेणारे मला फार भेटतात.

प्रश्न : मी ट्रक चालवतो, नाशिक-नागपूर लाइन. वय ४५. इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ, आणि एक गोळी जेवणाआधी, तिच्यात व्होग्लिबोज लिहिलंय. जेवणाची वेळ पक्की नाही, ढाबा मिळेल तेव्हा. दोनदा गाडी चालवताना घाम फुटला, हात कापले, डोळ्यापुढे अंधारी आली, मग चॉकलेट खाल्लं. गाडीत काय ठेवू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी या अंकात सगळ्यात आधी वाचायला घेतलं. हे मधल्या वेळचं खाणं नाही, हा जिवाचा प्रश्न आहे, तुमचा आणि समोरून येणाऱ्याचाही.

गाडीत दोन वेगवेगळे डबे ठेवा आणि त्यांची गल्लत करू नका. पहिला डबा औषधाचा, त्यात ग्लुकोज पावडर, केमिस्टकडे मिळते ती. तुम्हाला साखर किंवा लिमलेटच्या गोळ्या सांगत नाही याला कारण आहे, व्होग्लिबोज ही गोळी आतड्यात साध्या साखरेचं तुकड्यांत विभाजन होणंच लांबवते, म्हणून जिथे दुसऱ्याला तीन चमचे साखरेने पटकन बरं वाटतं तिथे तुम्हाला वाट बघत बसावं लागेल. ग्लुकोजला विभाजनाची गरज नाही, ते थेट रक्तात जातं. अकार्बोज ही तशीच गोळी घेणाऱ्यांनाही हेच लागू. चॉकलेट तर कुणासाठीच नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते, आणि त्या वेळी एकेक मिनिट महागात पडतं.

घाम, कापरं, अंधारी असं काही जाणवलं की गाडी बाजूला, इंजिन बंद, शक्य असेल तर मशीनवर आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज, पाण्यात. पंधरा मिनिटं थांबा, परत बघा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. आकडा वर आला की पोटाला आधार म्हणून दुसरा डबा उघडा. आणि लगेच स्टार्टर मारायचा नाही, साखर नॉर्मल झाली तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला पाऊण तास लागतो, तेवढा वेळ गेला पाहिजे आणि आकडा ९० च्या वर पाहिजे. मशीन जवळ नसेल तर आकड्याची वाट न बघता ग्लुकोज घ्या, साखर कमी नसताना एकदा ग्लुकोज गेलं तर फार काही होत नाही, कमी असताना गेलं नाही तर होतं. क्लीनरला हे सगळं शिकवून ठेवा आणि हेही सांगा की तुम्ही बेशुद्ध असाल तर तोंडात काहीही कोंबायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

दुसरा डबा भुकेचा. त्यात फुटाणे-शेंगदाणे, घरच्या भाजणीची दोन थालीपिठं किंवा बाजरीची भाकरी आणि चटणी, हे दोन दिवस टिकतं. ढाबा लांबणार असं दिसलं की त्यातलं खाऊन घ्या, ‘अजून अर्धा तास, मग जेवूच’ यात नेमकी साखर पडते. इन्सुलिन घेतलं की जेवण समोर पाहिजे, जेवण कधी मिळेल माहीत नसेल तर तेव्हा काय करायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तुमच्यासारख्यांना वेळेत थोडी सूट देणारी वेगळ्या प्रकारची इन्सुलिनं आता मिळतात, तुम्ही गाडी चालवता हे डॉक्टरांना सांगितलंय का? बरेच जण लायसनच्या भीतीने लपवतात. सांगा. आणि दोनदा असं झालंय हेही, या आठवड्यातच.

प्रश्न : कुणी म्हणतं दिवसातून दोनदाच जेवा, कुणी म्हणतं दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आमच्या सोसायटीत यावरून दोन पार्ट्या पडल्यात! डायबेटिसवाल्याने कुठल्या पार्टीत जायचं? — वाचक, डोंबिवली

उत्तर : डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदा जेवण आणि ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी, यावरून महाराष्ट्रात जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीवरून होत नसतील. माझ्यापुरतं सांगायचं तर मी कुठल्याच पार्टीत नाही.

प्रागमध्ये झालेला एक छोटा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, टाइप टू डायबेटिसच्या आणि फक्त गोळ्यांवर असलेल्या ५४ जणांना काही आठवडे दिवसातून सहा वेळा आणि काही आठवडे दोनच वेळा खायला दिलं, एकूण उष्मांक दोन्हीकडे सारखेच. वजन दोन्हीत उतरलं, दोनदा खाण्यात जास्त उतरलं, उपाशीपोटीची साखरही. म्हणजे दर दोन तासांनी खाल्लंच पाहिजे हा काही निसर्गनियम नाही. पण दोनदावाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, त्या अभ्यासातल्या दोन वेळा म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण, आपल्यासारखं रात्री साडेनऊला पोटभर नव्हे. शिवाय त्या लोकांवर डॉक्टरांची नजर होती.

तर ज्यांच्या गोळ्यांनी साखर पडत नाही त्यांना ज्यात भूक आवरते आणि एकूण खाणं हाताबाहेर जात नाही ते बरं. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे त्यांनी शेजाऱ्याचं ऐकून दोन वेळांवर जायचं नाही, आधी औषध बदलून घ्यायचं. आणि दर दोन तासांनी ‘थोडं थोडं’ खाणाऱ्यांनी एकदा दिवसभरातलं ते थोडं थोडं एका ताटात गोळा करून बघावं, दोन बिस्किटं, चार काजू, अर्धा लाडू, मुलाच्या डब्यात उरलेली पोळी, केळं, चिवडा. ते थोडं नसतं.

प्रश्न : मी गृहिणी, वय ५१, इचलकरंजी. चार वाजले की भडंग लागतोच, त्याशिवाय दिवस सुना जातो. गोळ्या मेटफॉर्मिन आणि व्हिल्डाग्लिप्टिन. यूट्यूबवर एक जण म्हणतो कुरमुरे म्हणजे विष, दुसरा म्हणतो हलके असतात, चालतात. नक्की काय?

उत्तर : दोघांचंही अर्धं बरोबर. कुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, वजनाच्या नव्वद टक्क्यांजवळ पिष्ट आणि पचायला अगदी झटपट, म्हणून साखर पटकन वर नेतात. पण एका आमटीच्या वाटीत कुरमुरे बसतात किती, दहा-बारा ग्रॅम! म्हणजे वाटीभर भडंगाने आभाळ कोसळत नाही, आभाळ कोसळतं ते परातीत कालवून सगळे गोल बसून खाताना, कारण तिथे वाटी नसते, नुसते हात असतात आणि गप्पा रंगलेल्या असतात.

तुमच्यासाठी भडंग असा. कुरमुरे एक वाटी, आणि त्यात फुटाणे आणि शेंगदाणे मिळून पाऊण वाटी, लसूण ठेचून, कढीपत्ता, भडंग मसाला, तेल एक चमचा आणि तेवढंच. खायच्या वेळी त्यात बारीक चिरलेला कांदा, काकडी, टोमॅटो, कोथिंबीर एवढी घाला की कुरमुरे शोधावे लागतील, वरून लिंबू. शेव नको, शेवेने चव येते मान्य आहे पण ती तळलेली असते, आणि एकदा शेव आली की मागोमाग फरसाणाचं पाकीटही येतं. पिठीसाखर तर अजिबात नको, काही जणी घालतात. मोड आलेले मूग किंवा मटकी वाफवून त्यात टाकलीत तर अजून उत्तम, फक्त भडंग मऊ पडतो, लगेच खावा लागतो.

आणि आता यूट्यूबवरच्या दोघांनाही बाजूला ठेवा, घरात ग्लुकोमीटर आहे ना? मग एका दिवशी चार वाजता भडंग खायच्या आधी साखर बघा, लिहा. भडंग खा, नेहमीएवढा, त्या दिवशी शहाणपणा करून कमी खायचा नाही. पहिल्या घासापासून दोन तासांनी परत बघा, मध्ये दुसरं काही खायचं नाही. फरक चाळीस-पन्नासच्या आत असेल आणि दुसरा आकडा १८० च्या खाली असेल तर तो भडंग तुमच्यापुरता ठीक. फरक ऐंशी-नव्वद आला तर कुरमुरे निम्मे करा, फुटाणे वाढवा, दुसऱ्या दिवशी परत तसंच. एकाच पदार्थाने दोन माणसांची साखर वेगवेगळी वाढते, आणि त्याच माणसाची झोप झालेली नसताना वेगळी. दोन पट्ट्यांना थोडे पैसे जातात खरे, पण आयुष्यभर विष की अमृत करत बसण्यापेक्षा ते स्वस्त. हाच प्रयोग पोहे, इडली, ढोकळा, कशावरही करता येतो. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीत चालून मग परत एकदा मोजून बघा, आकडा बघून तुम्हीच खूश व्हाल.

प्रश्न : नाचणी डायबेटिसला चांगली म्हणून वडिलांना रोज सकाळी नाचणी सत्त्वाची दूध-खजूर घालून खीर देते, आणि मधल्या वेळी नाचणीची बिस्किटं. तरी साखर वाढलेलीच. — वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाचणी चांगलीच आहे हो, पण सत्त्व म्हणजे नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून चोथा फेकून उरलेला भाग. साखर हळू वाढवणारं जे काही होतं ते त्या चोथ्यात होतं, ते गेलं आणि बारीक पिष्ट तेवढं राहिलं, ते बाळाला किंवा आजारातून उठलेल्याला पचायला चांगलं, डायबेटिसला नाही. वर खजूर! त्याऐवजी अख्ख्या नाचणीच्या पिठाची भाकरी द्या, किंवा पातळ आंबील, ताक आणि लसूण-जिरं घालून, तीही एक वाटी. बिस्किटांचं वर सांगलीच्या सरांना लिहिलंय ते वाचा आणि पुड्यावर नाचणी किती टक्के आहे ते बघा, बहुतेक वेळा मैदा आणि साखर पुढे असतात आणि नाचणी मागे कुठेतरी.

प्रश्न : आंबा? एवढं एकच विचारते. — वाचक, देवगड

उत्तर : देवगडला राहून आंबा बंद करा असं सांगायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. मध्यम हापूसच्या गरात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे अर्धा आंबा दुपारी मधल्या वेळी, फोडी करून, चावून, सोबत पाच-सहा बदाम किंवा थोडे दाणे, हे बहुतेकांना जमतं. जमत नाही ते जेवणावर आमरस, कारण एका मोठ्या वाटीत दीड-दोन आंबे आरामात जातात, रस चावावा लागत नाही, आणि सोबत पुऱ्या असतातच. कधीतरी पाहुण्यांबरोबर आमरस झालाच तर अर्धी वाटी, आणि त्या जेवणात भात नाही, पोळी एक. ज्यांची साखर सध्या अडीचशे-तीनशे चाललीय त्यांनी मात्र आधी ती आणावी जाग्यावर, आंबा दरवर्षी येतो. पेरू, जांभूळ, पपई, संत्रं ही फळं त्यामानाने बिनधास्त, अर्थात अख्खी, ज्यूस काढून नाही. सीताफळ आणि चिकू आंब्याच्याच माळेतले.

प्रश्न : सुनेला सातवा महिना लागलाय आणि साखर निघाली. दोन तासांची तपासणी १५२ आली. डॉक्टर म्हणाल्या सध्या फक्त आहार सांभाळा. आता ही पोर भुकेली राहते, बाळाचं काय होणार? मी डिंकाचे लाडू करून ठेवले होते. — एक सासूबाई, अकोला

उत्तर : काकू, तिला भुकेलं ठेवायचं नाहीच मुळी! गरोदरपणातल्या डायबेटिसमध्ये तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा खाणं, असंच सांगतात, म्हणजे इथे मधलं खाणं खरोखर गरजेचं आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० किंवा त्याहून जास्त आलं की आपल्याकडे गरोदरपणातला डायबेटिस धरतात, म्हणून तिला पथ्य सांगितलंय. आता तिची साखर उपाशीपोटी ९५ च्या आत आणि खाण्यानंतर दोन तासांनी १२० च्या आत राहायला हवी, हे आकडे तुमच्या-माझ्या डायबेटिसपेक्षा कडक आहेत.

या दिवसांत सकाळची साखर सगळ्यात हट्टी असते, त्यामुळे सकाळी पोहे, शिरा, फळं असं सगळं एकदम नको, मुगाच्या डाळीचं धिरडं, अंडं चालत असेल तर अंडं, पनीर, वरून चटणी. अकराला ताक आणि मूठभर दाणे. चारला मटकीची उसळ वाटीभर, नाहीतर वाफवलेली कोथिंबीर वडी, तळायची नाही, तव्यावर दोन थेंब तेलात परतायची. रात्री झोपताना अर्धा कप दूध आणि चार बदाम, कारण रात्रभर फार मोठा उपास पडणं तिला बरं नाही. पेरूच्या फोडी कधीही, एका वेळी अर्धा पेरू. लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात बंद, त्यात गूळ, खारीक सगळं आहे. बाळंतपणानंतर बहुतेकींची साखर खाली येते, सहा आठवड्यांनी तपासणी परत करायची, ती चांगली आली की छोटा लाडू द्या. आणि ती तपासणी चुकवू नका, बाळाच्या गडबडीत आईची तपासणी राहून जाते आणि पुढे याच बायकांना डायबेटिस व्हायची शक्यता जास्त असते. आहाराने आकडे नाही आले तर डॉक्टर इन्सुलिन देतील, तेव्हा घाबरून नाही म्हणू नका, ते बाळापर्यंत पोचत नाही.

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) २.१ आहे, डायबेटिस वीस वर्षं. ताकद यावी म्हणून काजू-बदाम, शहाळं आणि प्रोटीन पावडर चालू केलंय, बरोबर ना? — वाचक, औरंगपुरा, संभाजीनगर

उत्तर : थांबवा, आजच, आणि किडनीच्या डॉक्टरांना विचारा. किडनी दमलेली असली की शहाळ्यातलं पोटॅशियम रक्तात साचू शकतं आणि ते हृदयाला धोक्याचं, प्रोटीन किती द्यायचं हेही मोजून ठरवावं लागतं, पावडर तर नाहीच. या अंकात मी दाणे, फुटाणे, ताक, उसळ असं जे सगळ्यांना भराभर वाटत सुटलेय ते तुमच्या वडिलांसाठी नाही, त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस बघून कुणीतरी स्वतंत्र तक्ता करून द्यायला हवा.

प्रश्न : रात्री अकराला भूक लागते, म्हणजे लागतेच. रात्रीचं इन्सुलिन घेतो. काय खाऊ? — वाचक, पुणे

उत्तर : आधी आकडा बघा. साखर १०० च्या खाली असेल तर ती भूक खरी असू शकते, अर्धा कप दूध आणि एक छोटी भाकरी किंवा अर्धी पोळी खाऊनच झोपा. १८० असेल तर ती बहुधा टीव्हीची भूक आहे, काकडी, ताक, नाहीतर सरळ झोप. पण हे रोजचं असेल, पहाटे घामाने उशी भिजत असेल, सकाळी डोकं जड असेल, तर रात्री इन्सुलिन जास्त होतंय का हे तपासायला हवं. दोन-तीन रात्री गजर लावून तीन वाजता साखर बघा, आकडे कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा, खाणं वाढवायचं की डोस कमी करायचा हे ते ठरवतील. रोज खाऊन खाऊन इन्सुलिनची बरोबरी करत बसलात तर वजन तेवढं वाढेल.

पुढच्या अंकात दिवाळीचा फराळ घेतेय. प्रश्न पाठवताना चकली चालते का एवढंच लिहू नका, गोळ्यांची नावं आणि शेवटचा एचबीएवनसी तेवढा जोडा.